बाल्कनीतलं ला पाझ

मार्च आला की आमच्या जिन्याचा आवाज बदलतो. एरवी कुवेतमधल्या हवल्लीतल्या या इमारतीत जिना कुणी वापरत नाही. लिफ्ट बिघडली तरी लोक खाली उभे राहून तिची वाट पाहतात. पण परीक्षा जवळ आल्या की मुलं घरातल्या गोंगाटातून सुटून पायऱ्यांवर येऊन बसतात. दुसऱ्या मजल्यावरची मल्याळी मुलगी रसायनशास्त्राची समीकरणं गाणं म्हणावं तशी म्हणते. तिसऱ्यावर एक मुलगा भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसलेला असतो. तो पाठ करतो आहे की झोपला आहे हे ओळखायला मला माझी सव्वीस वर्षांची मास्तरकी उपयोगी पडते. बहुतेक वेळा झोपलेला असतो. मी भाजीची पिशवी सांभाळत त्याला ओलांडून चौथ्या मजल्यावर येते.

रेवा, ईशान, तुमच्याकडे बोलिव्हियात मार्चला हा आवाज नसतो. तिथे शाळा फेब्रुवारीत उघडते, म्हणजे इथली मुलं वह्या संपवत असतात तेव्हा तुमच्या वह्यांना कव्हरं चढत असतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे वाक्य मी इथल्या भारतीय शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. पण परवा फोनवर रेवा म्हणाली की पावसात तिचे बूट भिजले, आणि मी त्याच वेळी खिडकीतून धुळीने पिवळं झालेलं आकाश पाहत होते. तेव्हा ते वाक्य मला पहिल्यांदा नीट समजलं.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्ही सावकाश वाचा, अडेल तिथे आईला विचारा आणि उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. मी स्वतः नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी लिहायला लागले ती लग्नानंतर, माझ्या आईला पत्रं पाठवायची म्हणून. त्यामुळे माझं मराठी इस्त्री केलेलं असतं, असं आजोबा म्हणतात. असू दे. चुरगळलेल्या कपड्यांत मला तुमच्यासमोर यायचं नाही.

इथला मार्च तुम्हाला आठवतो का? ईशानला बहुधा नाही. थंडी निरोप न घेता निघून जाते. वाळवंटात हिवाळाभर उभे असलेले तंबू उतरतात, आणि रस्त्यारस्त्यावर गुंडाळलेल्या कनाती आणि खुर्च्या लादलेल्या गाड्या शहराकडे परतताना दिसतात. मग एखाद्या दुपारी धूळ येते. खिडकी बंद असली तरी ती येते. टेबलावर, चहाच्या बशीत, शब्दकोशाच्या पानांत. मी खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावते. तुमची आई मुग्धा पाचव्या मजल्यावर, तुमच्या घरात, तेच करायची आणि वरून फोन करून विचारायची, "आई, तुमच्याकडे पण आली का?" जणू काही धूळ म्हणजे आमची सामायिक पाहुणी होती.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये धुळीबरोबर दुसरीही बातमी आली होती. तुमचे बाबा अहमदीला तेलाच्या कामावर होते. त्यांना बोलिव्हियातली नोकरी मिळाली. गॅस तिथल्या पूर्वेकडच्या सखल प्रदेशात निघतो, पण कंपनीचं ऑफिस ला पाझला, साडेतीन हजार मीटरच्या वर. ईशान पाच वर्षांचा होता. त्याने फक्त तिथे लिफ्ट आहे का एवढं विचारलं. रेवा दहा वर्षांची, पाचवीत. तिने काहीच विचारलं नाही, कारण शाळेच्या बसमध्ये तिच्या मैत्रिणीने तिला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं: तिथे हवाच नसते.

रेवा, तुला तेव्हा धुळीने दम लागायचा. निळा पंप खिशात असायचा. मैत्रिणीचं वाक्य आणि तो पंप, या दोन गोष्टी तू एकत्र ठेवल्यास आणि जेवायच्या टेबलावर जाहीर केलंस की तू जाणार नाहीस. दहावीपर्यंत आजी-आजोबांकडे राहशील. तुझ्या बाबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मुग्धाकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ठरलं की परीक्षा संपेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. शेवटच्या पेपरनंतर रेवाने सांगायचं, आणि ती सांगेल ते ऐकायचं. शाळेतली जागा तोवर सोडायची नाही.

मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं. तू राहावंस असंच मला वाटत होतं. दुपारी शाळेतून येऊन तू आधी चौथ्या मजल्यावर उतरायचीस, दप्तर माझ्या दारात टाकायचीस आणि मग वर जायचीस. त्या दप्तराचा धप्प आवाज माझ्या दिवसाचा मध्य होता.

मुग्धाने मात्र माझ्यावर एक काम सोपवलं. "आई, तुम्ही भूगोलाच्या बाई. तिला ते गाव जरा समजावून सांगा ना. भीती तरी जाईल." तिने हे इतक्या विश्वासाने म्हटलं की मी लगेच नकाशांचं पुस्तक काढलं. पण समोच्च रेषा रेवाला कळेनात. कशा कळणार? कुवेतमध्ये वाढलेल्या मुलीने चढ पाहिला तो उड्डाणपुलाचा. आमच्या या देशात जमीन ताटासारखी असते, आणि उंच असतात त्या फक्त इमारती. चौथ्या रेषेवरून पाचव्या रेषेवर जाताना पाय दुखतात, हे तिला कागदावरून कसं समजावं?

म्हणून आपण किल्ला करायला घेतला.

दर दिवाळीला आपण बाल्कनीत किल्ला करायचो, हे तुम्हाला आठवत असेल. नाशिकहून आणलेले मातीचे महाराज, चार मावळे, एक गवळण आणि एक वाघ, सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. तो डबा मार्चमध्ये काढलेला पाहून आजोबा दारात थबकले. "दिवाळीचा किल्ला शिमग्याला?" मी म्हटलं, हा किल्ला नाही, हे ला पाझ आहे. ते म्हणाले की मग त्यांना बूट काढून आत यावं लागेल की व्हिसा काढून.

नुसत्या वाळूचा डोंगर टिकत नाही हे आपल्याला दिवाळीपासून ठाऊक होतं. रोपवाटिकेतली माती आणली. खाली दगडांऐवजी इमारतीचा हारिस, म्हणजे आपला राखणदार, त्याने गच्चीवरच्या फुटक्या फरशा आणून दिल्या. वरून अंथरायला गोणपाट हवं होतं. आजोबा सुलैबियाच्या भाजीबाजारातून चार घरांसाठी मिळून बटाट्याचं पोतं आणत, ते रिकामं केलं. मला ते करताना बरं वाटलं. बटाटा मूळचा त्याच डोंगरांतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. त्याच्या पोत्यावर त्याचाच मुलूख उभा राहत होता. चिखलाचं पाणी खालच्या बाल्कनीत गळलं तेव्हा हारिस तक्रार घेऊन वर आला. त्याने पाहिलं, हाताने हवेत उंचवटा काढला, "जबल?" म्हणाला, आणि तक्रार विसरून एक फरशी सरळ करून गेला. डोंगराला अरबीत जबल म्हणतात. या सपाट देशात तो शब्द फारसा वापरावा लागत नसेल.

एका बाजूला मोठं पठार केलं. पठाराला मध्येच खोल वाडगा पाडला. वाडग्यात शहर. मागे रुपेरी कागदाचा इयिमानी पर्वत, बारा महिने बर्फाचा. मी उतारावर हळीव पेरले, दर दिवाळीला पेरते तसे. चार दिवसांत ला पाझ हिरवंगार झालं, जे ते खरोखरी मुळीच नाही. ईशानने हट्टाने वाघाला गुहा करायला लावली. बोलिव्हियात आपला वाघ नसतो हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आता आहे.

आणि शेवटी घर. काड्यापेटीला पांढरा कागद लावून, रेवाने लाल दार रंगवलेलं. ते कुठे ठेवायचं याबद्दल आपल्यापैकी कुणाला शंकाच नव्हती. किल्ल्यावर सर्वांत वरची जागा सिंहासनाची. महाराज काही ला पाझला जाणार नव्हते, ते डब्यातच राहिले. त्यांच्या जागी, वाडग्याच्या अगदी काठावर, आपण घर ठेवलं. मीच ते चिखलात दाबून पक्कं बसवलं. रेवा मागे सरकून पाहत राहिली. "खूप उंच आहे," ती म्हणाली, आणि तिचा हात आपोआप खिशातल्या पंपाकडे गेला.

दोन दिवसांनी, तुम्ही शाळेत असताना, मी त्या शहराचा इतिहास वाचायला बसले. मला अर्धवट माहितीवर शिकवायला आवडत नाही. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ला पाझ वसवलं ते आधी पठारावर, म्हणजे वर. पण वरचा वारा हाडं गोठवणारा, म्हणून काही दिवसांतच त्यांनी ते उचलून खाली, डोंगरांच्या आडोशाच्या वाडग्यात आणलं. तिथे ऐमारा लोकांची वस्ती आधीपासून होती आणि नदीच्या वाळूत सोनं सापडत होतं. ज्यांना आपण संस्थापक म्हणतो ते नेहमी उशिरा आलेले असतात. पुढचं वाचलं आणि मी चष्मा काढून पुसला. त्या शहरात आजही ज्याला परवडतं तो खाली राहतो. जितकं खाली, तितकी ऊब आणि तितकी जास्त हवा. वरच्या काठावर, वाऱ्यात, कष्टकऱ्यांची वस्ती. आपल्या किल्ल्याच्या बरोबर उलट.

तुमच्या बाबांनी भाड्याने घेतलेलं घर कुठे आहे ते मी पत्त्यावरून नकाशात शोधलं. शहराच्या अगदी दक्षिणेला, तळात. आपण काड्यापेटी ठेवली होती त्याहून जवळजवळ आठशे मीटर खाली.

आता जे लिहिते ते तुम्हाला लिहायचं की नाही याचा मी बराच विचार केला. मी सव्वीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. चूक दिसली आणि हात पुढे गेला नाही असं कधी झालं नाही. त्या दिवशी मी पुस्तक मिटलं, बाल्कनीत गेले, हळिवाला पाणी घातलं, आणि घर जिथे होतं तिथेच राहू दिलं. दुसऱ्या दिवशीही. घर वर असेल तोवर रेवा घाबरलेली राहील. रेवा घाबरलेली असेल तोवर दप्तर माझ्या दारात पडत राहील. इतकं स्वच्छ मी तेव्हा स्वतःशी म्हटलं नव्हतं. पण मला ठाऊक होतं.

सामाजिक शास्त्रांच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी रेवा बाल्कनीत पुस्तक घेऊन बसली होती. धूळ ओसरली होती. खाली हवल्लीच्या दुकानांचे दिवे लागत होते, आणि कुणाच्या तरी घरातून कांदा परतल्याचा वास येत होता. ती किल्ल्याकडे बराच वेळ पाहत होती. रेवा, तू एरवी इंग्रजीत बोलतेस आणि गंभीर झालीस की मराठीत येतेस, हे तुला माहीत आहे का?

"आजी, वर गेलं की हवा विरळ होते, हे पुस्तकात आहे. मग लोक चांगलं घर वर कशाला बांधतील?"

मला म्हणता आलं असतं की किल्ल्याची तशी पद्धतच असते. ते खरंही होतं.

"नाही बांधत," मी म्हणाले. "आपण घर चुकीच्या जागी ठेवलंय."

"तुला माहीत होतं?"

"परवापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरून इथेच राहशील म्हणून."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा उठून वर निघून जाईल. तिने मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "दॅट्स चीटिंग, आजी." ती हे इंग्रजीत म्हणाली, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मग तिने काड्यापेटी उपटली. चिखल वाळला होता, कागद थोडा फाटला. मी तिला जागा दाखवली आणि तिने घर वाडग्याच्या तळाशी, हळिवाच्या सावलीत ठेवलं. तिथून वर पाहायला तिने गाल फरशीला टेकवला. मग विचारलं की विमानतळ कुठे आहे. मी वरचं पठार दाखवलं. धावपट्टीला सपाट जमीन लागते आणि ती खाली नाहीच. मग डब्यातून भाला घेतलेला एक मावळा काढून तिने काठावर, घराच्या जुन्या जागेवर रोवला.

"तू आलीस की वर उतरशील. तोपर्यंत हा बघत राहील. मग मी येईन वर, तुला खाली न्यायला."

हे ती मराठीत म्हणाली.

शेवटच्या पेपरनंतर तिला कुणी काही विचारलं नाही. तिने स्वतःच मुग्धाला सांगितलं की तिला दोन स्वेटर लागतील. आजोबांना मी सगळं कबूल केलं तेव्हा ते म्हणाले की लोक पेपर फोडतात, उत्तर लपवणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मग दवाखान्यातल्या त्यांच्या डॉक्टरी आवाजात म्हणाले, "तिचा दमा धुळीचा आहे गं, उंचीचा नव्हे. तिथे ती इथल्यापेक्षा बरी राहील." मी म्हटलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? त्यांनाही दप्तराचा आवाज ऐकू येत असे.

तुम्ही गेल्यावर हळीव वाळले. हारिसने फरशा परत गच्चीवर नेल्या. नंतर वाचलेली एक गोष्ट तेव्हा तुम्हाला सांगायची राहिली. एकदा तिथल्या ऐमारा लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव करून ला पाझला कित्येक महिने वेढा घातला, आणि वेढा घालणारे बसले होते वर, काठावर. उपासमार झाली ती खाली शहरात. आपल्याकडे शत्रू पायथ्याशी बसतो आणि गडावरचे लोक खाली बघतात. मला वाटतं माणूस ज्या डोंगराजवळ वाढतो त्याच डोंगरावरून जगातले सगळे डोंगर समजून घेतो. आमचा हा देशही नावाने किल्लाच. कुवेत म्हणजे छोटी गढी. पण या गढीला चढच नाही, म्हणून असेल, इथे कोण वर आणि कोण खाली हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

मुग्धा पहिल्या महिन्यात फोनवर डाळीबद्दलच बोलत होती. तिथे पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, आणि डाळ दोन तास शिजवली तरी दाणा तसाच. मी कुकरच्या शिट्ट्या वाढवायला सांगितलं. आता तिचं गणित बसलं आहे. बाबा ऑफिसला रोपवेने जातात, लोकांच्या गच्च्यांवरची वाळत घातलेली धुणी बघत. चौकात झेब्र्याचा पोशाख घातलेली माणसं मुलांना रस्ता ओलांडून देतात, असं ईशानने सांगितलं तेव्हा मला तो थापा मारतोय असं वाटलं. त्याने फोटो पाठवला. रेवाचा पंप कपाटात पडून आहे.

जानेवारीत तिथे एक जत्रा भरते. वर्षभरात जे हवं असेल त्याची चिमुकली प्रतिकृती विकत घ्यायची: बोटाएवढं घर, नखाएवढी वीट, इवलंसं पदवीचं प्रमाणपत्र. यंदा तुम्ही दोघांनी मला एक सूटकेस पाठवलीत, काड्यापेटीएवढी. उघडते. आत कागदाचा पासपोर्ट आणि तिकीट. ती माझ्या खिडकीत आहे, मावळ्याच्या शेजारी. हो, तो मावळा मी डब्यात परत ठेवला नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलून 'मावळे तीन' असं लिहिलं.

तीन वर्षं आजोबा माझ्या रक्तदाबाकडे बोट दाखवून नाही म्हणत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी तीन वेळा यंत्र बांधलं, तिन्ही आकडे माझ्याच वहीत लिहिले आणि म्हणाले की एकदम वर जायचं नाही. आधी सांताक्रूझला उतरायचं (विलेपार्ल्यापुढचं नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं), मग कोचाबांबाला अडीच हजार मीटरवर चार दिवस, आणि मगच ला पाझ. जूनची तिकिटं काढली आहेत. कपाटाच्या दारावर यादी लावली आहे: हळीव, गोडा मसाला, ईशानला वाघाचं पुस्तक, मावळा, कापसात गुंडाळून.

काल रेवाला फोनवर सांगितलं. जिन्यात मल्याळी मुलगी समीकरणं म्हणत होती, त्यामुळे मला नीट ऐकू येईना. रेवा चौदा वर्षांची आहे, हल्ली सगळं इंग्रजीत बोलते, भरभर. मी पुन्हा विचारलं, काय म्हणालीस? तेव्हा ती सावकाश, मराठीत म्हणाली, "मी वर उभी असेन, आजी."

उभी राहा. फक्त दोन्ही स्वेटर घालून ये. वर वारा असतो, हे आता मला माहीत आहे.